टिकलेला उतार: मोठ्या हिमवृष्टीनंतरचा धोका आणि आपलं अनुमान

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा आणि हिमस्खलनाचा काय संबंध, असं विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल. संबंध असा, की हौसेने डोंगरात जाऊन बर्फाखाली गाडली गेलेली पुष्कळशी माणसं एका अनुमानाच्या भरवशावर त्या उतारावर गेलेली असतात. 'हा उतार आत्तापर्यंत टिकला, तेव्हा आजही टिकेल' हे ते अनुमान. आणि अनुमान कुठे खरं ठरतं, कुठे फसतं, हा तर आमच्या शास्त्राचा दोन हजार वर्षांचा उद्योग आहे. म्हणून आज आधी बर्फाविषयी बोलू आणि मग अनुमानाविषयी.

दुसरं कारण अधिक जवळचं. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, पण दर हिवाळ्यात आपल्याकडची कितीतरी मुलंमुली सह्याद्रीतल्या सरावाच्या जोरावर हिमालयात जातात. आपले जवान तर तिथे वर्षानुवर्षं असतात. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनवर साडेएकोणीस हजार फुटांच्या आसपासच्या चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, हे तुम्हाला आठवत असेल. पुढे 11 तारखेला त्यांचंही निधन झालं. त्या दहांमध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

माणाची पहाट

एका अलीकडच्या घटनेपासून सुरुवात करू. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पुढे, साधारण 3200 मीटर उंचीवर माणा नावाचं गाव आहे. तिथून जवळच सीमा सडक संघटनेच्या कामावरच्या मजुरांची छावणी होती. 28 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे, जोरदार हिमवृष्टी चालू असताना, वरच्या उतारावरून बर्फ सुटला आणि छावणीवर आला. माणसं पोलादी कंटेनरांमध्ये झोपलेली होती. एकूण 54 जण. लष्कर आणि इतर पथकांनी खणून 46 जणांना जिवंत बाहेर काढलं, 8 जण गेले.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिली, आदल्या दिवशी संध्याकाळी त्या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला गेला होता. आपल्याकडे हे काम डीआरडीओची डीजीआरई ही प्रयोगशाळा करते. तिच्या आधीची संस्था, जिला सगळे 'सासे' म्हणत, 1969 मध्ये मनालीला सुरू झाली होती. म्हणजे ज्ञान होतं आणि ते सांगितलंही गेलं होतं. दुसरी गोष्ट, गाडली गेलेली माणसं उतारावर चालत नव्हती. ती दरीच्या तळाशी, सपाटीवर, अंथरुणात होती.

बर्फ काय लक्षात ठेवतो

आता मूळ प्रश्नाकडे. खूप बर्फ पडल्यावर तो घसरतो का?

आपल्याला दरड माहीत आहे. 30 जुलै 2014 ला माळीणमध्ये काय झालं ते आपण विसरलेलो नाही. मोठा पाऊस, उतार, आणि पाण्याने जड झालेली माती. हिमस्खलनातही वजन आणि उतार आहेतच, पण एक मोठा फरक आहे. पाऊस पडतो आणि बराचसा वाहून जातो. बर्फ पडतो आणि राहतो. डिसेंबरचा बर्फ तळाशी, त्यावर जानेवारीचा, त्यावर फेब्रुवारीचा. मधल्या कोरड्या दिवसांत, थंड रात्रींत, वाऱ्यात प्रत्येक थराचं काय झालं, ते सगळं त्या थरात साठलेलं असतं. म्हणून कालची हिमवृष्टी किती, एवढंच विचारून भागत नाही. ती कशावर पडली, हेही विचारावं लागतं.

लग्नघरात गाद्यांची चवड रचून ठेवतात, ती डोळ्यांसमोर आणा. चवड जरा कलती आहे. गाद्या एकमेकींना धरून आहेत, कारण कापड कापडाला अडतं. आता कुणीतरी खालच्या दोन गाद्यांमध्ये साबुदाणा पसरून ठेवलाय, आणि तुम्हाला ते दिसत नाही. चवड तरीही उभी राहील. मग वर आणखी चार गाद्या टाका, किंवा एखादं पोर वर चढू दे. वरचा अख्खा गठ्ठा एका झटक्यात निघून येईल. साबुदाण्याच्या खालच्या गाद्या मात्र जागच्या जागी.

माणसं मारणारं हिमस्खलन बहुतेक वेळा याच जातीचं असतं. वर एकजीव झालेला, लादीसारखा थर. त्याच्या खाली एक कच्चा थर, कधी कधी बोटाच्या पेराएवढाही जाड नसलेला. कच्च्या थरात एका जागी तड गेली की ती थराच्या आतल्या आत पसरत जाते, काही सेकंदांत शेकडो मीटरवर. मग लादी वरच्या कडेला तुटते आणि सगळी एकदम सुटते. पायाखालून थोडा बर्फ घसरला, असं इथे होत नाही. माणूस ज्यावर उभा आहे तो अख्खा मजलाच चालू लागतो. सुका बर्फ असेल तर ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहज गाठला जातो. भुकटीचे मोठे लोट त्याहून कितीतरी वेगाने येतात.

हा साबुदाणा कुठून येतो? दोन वाटा सांगतो. निरभ्र, थंड, वारा पडलेल्या रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दंव गोठतं. सकाळी उन्हात त्याच्या पाकळ्या चमकतात, दिसायला फार सुंदर. त्यावर नवा बर्फ पडला की ते सौंदर्य गाडलं जातं आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखं आत उभं राहतं. दुसरी वाट अशी. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा उणे पंधरा-वीस. बर्फाचा थर पातळ असेल तर एवढ्याशा जाडीत तापमानाचा फरक फार तीव्र होतो. खालून वर वाफ सरकत राहते आणि कणांचे धरबंध सुटून त्यांची जाड, कोरडी खडीसाखर होते. मुठीत घ्या, गोळा वळला जात नाही, बोटांतून सांडतो.

यातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ कमी पडला, की लोक म्हणतात यंदा धोका कमी. प्रत्यक्षात तोच पातळ बर्फ आठवड्याभरात खडीसाखर होऊन बसतो आणि पुढच्या मोठ्या हिमवृष्टीसाठी कच्चा पाया तयार ठेवतो.

किती, किती वेगाने, कुठे

आता हिमवृष्टी. थोडा हिशेब करू. ताजा, जरा बसलेला बर्फ घनमीटरला शंभर किलो धरा. चोवीस तासांत 60 सेंटिमीटर पडला, तर प्रत्येक चौरस मीटरवर 60 किलो वाढले. पन्नास मीटर रुंद आणि ऐंशी मीटर लांब असा एक मध्यम उतार घेतला, तर चार हजार चौरस मीटर झाले. म्हणजे एका दिवसात त्या उतारावर 240 टन आले. कच्च्या थराला हा भार हळूहळू मिळाला तर तो थोडा थोडा घट्ट होत जातो, जुळवून घेतो. एकदम मिळाला तर त्याला वेळच मिळत नाही. म्हणून एकूण किती पडला याच्या इतकंच किती वेगाने पडला हे महत्त्वाचं. आल्प्समधला अनुभव असा आहे, की वाऱ्यासह एका दिवसात तीस ते पन्नास सेंटिमीटर बर्फ पडला तरी परिस्थिती गंभीर होऊ शकते.

मी वारा म्हणालो. वारा हा बर्फाचा हमाल आहे. एका बाजूच्या उतारावरून उचलतो, धार ओलांडली की पलीकडच्या आडोशाला टाकतो. त्यामुळे आभाळातून एक फूट पडला तरी आडोशाच्या उतारावर तीन-चार फूट साचू शकतो, तोही दाबून बसलेला, लादीसारखा. आकाश निरभ्र असतानाही हे काम चालू असतं. धारेवरून पांढरी ध्वजा उडताना दिसते, फोटोला छान असते. ती दिसली की समजावं, पलीकडे माल उतरतोय.

उतार किती हवा? लादी बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटते. पंचवीसच्या खाली क्वचित. पन्नास-पंचावन्नच्या वर बर्फ फारसा साचतच नाही, थोडा थोडा सतत गळत राहतो. घरातला जिना साधारण तीस अंशांचा असतो. डोळ्यांनी पाहून हा कोन ठरवू नका, डोळे फार फसवतात. मोबाइलमध्ये कोन मोजायची सोय असते, ती वापरा. पण मघाशी सांगितलेली माणाची दुसरी गोष्ट आठवा. तुम्ही सपाटीवर असलात आणि वर तीस-चाळीस अंशांचा भरलेला उतार असला, तर तुमच्या पायाखालचा कोन मोजून काही उपयोग नाही.

सगळ्यात घातक दिवस कुठला? वादळाचा दिवस धोक्याचा असतोच, पण त्या दिवशी शहाणी माणसं तंबूत असतात. वादळ सरतं, आकाश निळं होतं, ऊन पडतं, आणि सगळे बाहेर पडतात. नव्या बर्फाने अजून खालच्या थराशी जुळवून घेतलेलं नसतं. साधारणपणे पहिले एक-दोन दिवस फार जपायचे असतात. खाली खडीसाखर किंवा गाडलेलं दंव असेल, तर धोका आठवडेच्या आठवडे टिकतो.

न मिळालेलं उत्तर

आता अनुमान. 'जिथे धूर, तिथे अग्नी' हे आपल्या न्यायशास्त्राचं आवडतं उदाहरण. धूर आणि अग्नी यांची अखंड सोबत, तिला व्याप्ती म्हणतात. उलट करून पाहा, 'जिथे अग्नी, तिथे धूर'. हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. नैयायिक म्हणतात, इथे एक उपाधी लपली आहे, ओलं इंधन. अग्नीला ओलं इंधन मिळालं तरच धूर. ज्याने आयुष्यभर ओल्या लाकडांचीच चूल पाहिली, त्याला ही उपाधी कधी दिसणारच नाही. तो छातीठोकपणे सांगेल, अग्नी तिथे धूर.

उताराचं असंच आहे. 'या उतारावरून मी दहा वेळा गेलो, काही झालं नाही.' इथली उपाधी कोणती? त्या दहाही वेळा खाली कच्चा थर नव्हता, किंवा होता पण वर भार नव्हता, किंवा दोन्ही होते पण तुमचं पाऊल लादी जिथे पातळ असते तिथे पडलं नाही. ही उपाधी दोन-तीन फूट बर्फाखाली आहे. तुमच्या दहा अनुभवांनी तिला स्पर्शही केलेला नाही.

बर्ट्रांड रसेलने 1912 साली आपल्या छोट्या पुस्तकात कोंबडीचं उदाहरण दिलं. रोज सकाळी माणूस येतो, दाणे टाकतो. कोंबडीचा विश्वास रोज वाढतो. एके दिवशी तोच हात मान पिरगाळतो. आणि गंमत पाहा, कोंबडीचा विश्वास सर्वांत जास्त केव्हा होता? त्या शेवटच्या सकाळी.

पण डोंगर कोंबडीच्या मालकापेक्षाही फसवा आहे. विद्यार्थ्याने चुकीच्या रीतीने गणित केलं आणि उत्तर चुकलं, तर तो शिकतो. डोंगरात तुम्ही चुकीचा निर्णय घेता आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. वर पोचता, चहा पिता, फोटो काढता. तुमची वही तपासली गेलेलीच नसते, पण तुम्हाला वाटतं पैकीच्या पैकी मिळाले. पुढच्या वेळी तुम्ही थोडं अधिक धाडस करता. अनुभव वाढतो तसं शहाणपण वाढतं, हे आपलं गृहीतक आहे. जिथे चूक केल्यावर शिक्षा क्वचित आणि एकदमच मिळते, तिथे नुसत्या अनुभवाने फक्त आत्मविश्वास वाढतो.

हे मी आरामखुर्चीतून बोलतोय असं समजू नका. अमेरिकेत इयन मॅकॅमन नावाच्या अभ्यासकाने 1972 ते 2003 या काळातले, हौसेने डोंगरात गेलेल्यांचे 715 हिमस्खलन-अपघात तपासले. त्यातला एक निष्कर्ष मला फार अस्वस्थ करतो. उत्तम प्रशिक्षण घेतलेले गट ओळखीच्या जागी गेले, की त्यांनी पत्करलेला धोका जवळजवळ प्रशिक्षण नसलेल्यांइतकाच होता. ज्ञान होतं, परिचयाने ते झोपवलं. आणखी सापळे त्याने दाखवले. ठरवलंय ना, मग पूर्ण करायचंच. बरोबर कुणी जाणता आहे, तो बघेल. दुसरा गट पुढे गेलाय, म्हणजे ठीक असणार. इतरांसमोर कच्चं दिसायला नको. आपल्या मंडळींसाठी मी एक जोडतो, परतीचं रेल्वेचं आरक्षण. रजा संपत आली आहे, पैसे भरले आहेत, शिखर समोर दिसतंय. यातल्या एकाही कारणाचा बर्फाशी संबंध नाही, पण निर्णय यांच्यावरच होतो.

जाणकारांविषयी एक शब्द, आदराने. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रशिक्षण गट द्रौपदी का डांडा शिखराच्या वाटेवर हिमस्खलनात सापडला. 29 जण गेले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेली एक तरुण प्रशिक्षिका होती. कुणाला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. एव्हरेस्ट चढणारं माणूसही बर्फाच्या आत पाहू शकत नाही, इतकंच सांगतो.

प्रत्यक्ष, अनुमान, शब्द

मग ज्ञानाची साधनं कोणती उरली? आपल्या परंपरेची तीन प्रमाणं घेऊ.

प्रत्यक्ष. काही खुणा डोंगर स्वतः देतो. शेजारच्या, तशाच तोंडाच्या उतारावर ताजं स्खलन दिसणं, ही सर्वांत मोठी खूण. चालताना पायाखाली 'धुप्प' असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित बसणं, म्हणजे आतला कच्चा थर मोडला. पायापासून निघून तड दूर पळत जाणं, म्हणजे लादी तयार आहे. तापमान एकदम वाढणं, बर्फावर पाऊस पडणं. यांतलं एक जरी दिसलं, तरी मागे फिरायला पुरेसं आहे. पण ध्यानात घ्या, खुणा दिसल्या तर धोका आहे. खुणा दिसल्या नाहीत तर धोका नाही, असं होत नाही. तर्काच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा फरक माहीत असतो, आणि डोंगरात तो पहिल्यांदा विसरला जातो.

अनुमान. ते टाकून देता येत नाही, पण त्याचा हेतू बदलावा लागतो. 'मागच्या वेळी टिकला' हा हेतू नको. उताराचा कोन, वाऱ्याने भरलेली बाजू, गेल्या तीन दिवसांतला बर्फ, हे हेतू हवेत. स्वित्झर्लंडचे वेर्नर मुंटर हे गिर्यारोहण मार्गदर्शक, त्यांनी याची साधी पट्टी दिली. तिथे धोक्याच्या पाच पातळ्या असतात. दुसरी पातळी असेल तर 40 अंशांखाली राहा, तिसरी असेल तर 35 खाली, चौथी असेल तर 30 खाली. कोन मोजायचा तो उताराच्या सर्वांत चढ्या भागाचा. पाचवीला घरीच राहा, हे सांगायला नको.

शब्द, म्हणजे आप्तवाक्य. जाणत्याचं, फसवण्यात ज्याला रस नाही अशाचं वचन. हिमस्खलनाचा इशारा हे आजचं आप्तवाक्य. डावोसजवळ 1936 पासून बर्फाचा अभ्यास चालू आहे. त्या संस्थेत पुढे काम केलेले आंद्रे रोश 1939 साली आपल्या गढवालमध्ये आले होते. दुनागिरी शिखर त्यांच्या तुकडीने प्रथम चढलं, आणि पुढे चौखंबावर, म्हणजे बद्रीनाथच्याच बाजूला, हिमस्खलनात त्यांच्या तुकडीतले दोघे गेले. या ज्ञानामागे अशी किंमत मोजलेली आहे.

पण शब्दप्रमाण समजून घ्यावं लागतं. पाच पातळ्यांत तिसरी म्हणजे मधली, ठीकठाक, असं लोक वाचतात. खरं तर धोका पायरीपायरीने सारखा वाढत नाही, प्रत्येक पायरीला तो कितीतरी पटींनी वाढतो. स्वित्झर्लंडमध्ये जवळपास निम्मे मृत्यू तिसऱ्या पातळीच्या दिवशी होतात. चौथी-पाचवी असली की माणसं घरी बसतात, तिसरीला बाहेर पडतात.

आणि शब्द कुणापर्यंत पोचतो, हा शेवटी नीतीचा प्रश्न होतो. माणाला इशारा होता. हौशी गिर्यारोहकाने इशारा वाचून न जाणं निवडता येतं. छावणी कुठे असावी, कंटेनर कुठल्या उताराखाली ठेवावेत, हिमवृष्टीच्या रात्री तिथून उठून जावं का, हे त्यात झोपलेला मजूर ठरवत नाही. इशारा देणारा, तो ऐकणारा आणि ज्याच्यावर बर्फ पडतो तो, ही तीन वेगळी माणसं असतील, तर शब्द प्रमाण असूनही कोणाला वाचवत नाही. या साखळीत निर्णय घ्यायचा अधिकार नेमका कुणाचा, हे हिवाळ्याआधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. शहाणपणाचं एवढंच एक काम असं आहे, की ते आधीच करता येतं.

शंका कुठवर?

कुणी म्हणेल, उपाधी कायम लपलेलीच असेल तर आम्ही सतत शंकाच घ्यायची का? चार्वाकांनी हेच विचारलं होतं, की भविष्यात व्यभिचार दिसणार नाही कशावरून? दहाव्या शतकाच्या सुमाराचे उदयनाचार्य यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की शंका तिथवरच खरी, जिथवर ती माणसाच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत होत नाही. भुकेलेला माणूस अन्नाने भूक भागते याविषयी तोंडाने शंका घेतो आणि हाताने घास उचलतो, तर ती शंका नुसती बोलायची.

उदयनाचार्यांनी हे शंकेखोराला गप्प करण्यासाठी वापरलं. मी ते डोंगरात उलट्या बाजूने वापरतो. 'उतार जरा संशयास्पद वाटतोय' असं म्हणत म्हणत सगळा गट त्यावरून चालला असेल, तर त्यांना शंका नाहीच. खरी शंका वागण्यात दिसते. ती गटाला थांबवते, वाट बदलते, एकेकाला अंतर ठेवून पाठवते, तंबू हलवते, परतीचं आरक्षण रद्द करते.

कारण पुढची घडी फार आखूड आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या स्विस आकडेवारीनुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले नव्वद टक्क्यांहून अधिक वाचले. पस्तीस मिनिटांपर्यंत ते प्रमाण तीस टक्क्यांवर आलं. नंतरच्या अभ्यासांनी ती पहिली मुदत दहा मिनिटांपर्यंत खाली आणली आहे. बहुतेक जण गुदमरून जातात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, हात हलत नाही. हेलिकॉप्टर येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. वाचवू शकतात ते फक्त बरोबरचे सोबती, तेही त्यांच्याकडे तीन वस्तू असल्या तर: संकेत पाठवणारं आणि पकडणारं बिकन, बर्फात खुपसून शोधायची लांब सळई आणि फावडं. तिन्ही हवीत आणि वापरायचा सराव हवा. माणाला इतके वाचले त्यात पोलादी कंटेनरांचा आणि आतल्या हवेचा वाटा मोठा होता. उघड्यावर ती सोय नसते.

माझं म्हणणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*ओरडल्याने किंवा टाळी वाजवल्याने हिमस्खलन होतं, हे खरं का?*

सिनेमात होतं. माणसाच्या आवाजाचा दाब कच्चा थर मोडायला फारच कमी पडतो. सुरुंग ही वेगळी गोष्ट, तो मुद्दाम वापरतात, रस्ते मोकळे ठेवायला. माणसाचं वजन मात्र पुरतं. प्राणघातक अपघातांत सुमारे दहापैकी नऊ वेळा बर्फ गाडलेल्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्याने सोडलेला असतो, अशा नोंदी आहेत. त्यातली आशेची बाजू पाहा, आपण सोडतो म्हणजे आपण न सोडणंही शक्य आहे.

*गावातले म्हातारे सांगतात, इथे कधी आलं नाही. त्यांचं ऐकायचं की नाही?*

'इथे आलं होतं' असं म्हणाले तर जरूर ऐकायचं, ती मोलाची साक्ष आहे. 'कधी आलं नाही' ही साक्ष कच्ची. ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात धोक्याचे नकाशे होते, सुरक्षित ठरवलेला हिरवा भाग होता. 23 फेब्रुवारी 1999 ला, अनेक दिवसांच्या हिमवृष्टीनंतर, त्या हिरव्या भागातल्या घरांवर बर्फ आला. 31 माणसं गेली. माणसाच्या आठवणीपेक्षा डोंगराचा हिशेब लांबचा असतो.

*माझी मुलगी जानेवारीत बर्फातल्या ट्रेकला जाणार आहे. तिला काय सांगू? जाऊ नको म्हणू?*

जाऊ नको म्हणू नका, तिचं वय आहे. तिला आयोजकांना चार प्रश्न विचारायला सांगा. वाटेतल्या आणि तंबूच्या वरच्या उतारांचे कोन तुम्ही पाहिलेत का? हिमस्खलनाचा इशारा रोज कोण बघतं? बिकन, सळई, फावडं प्रत्येकाकडे आहे का, की एकट्या म्होरक्याकडे? आणि चौथा, मागच्या दोन-तीन वर्षांत तुम्ही अर्ध्यातून किती वेळा परत फिरलात? चौथ्याचं उत्तर 'एकदाही नाही' असं अभिमानाने आलं, तर दुसरा आयोजक शोधा. आणि घरातून निघतानाच तिला सांगून ठेवा, शिखर न गाठता आलीस तरी स्टेशनवर घ्यायला आम्ही तितक्याच आनंदाने येऊ. हे तिला तिथे, इतर सगळे पुढे जाऊ या म्हणत असताना, फार उपयोगी पडेल.